रिकामा कॅच

"गप बसव की त्याला!"

पडद्यावर चूक दाखवणारी ओळ उमटली की आमचे सीनियर सर खुर्ची सरकवत माझ्यामागं यायचे, खांद्यावरून हात घालून कोडमधल्या बिघडलेल्या ओळीपुढं @ टाकायचे आणि म्हणायचे, "गेलं बघ दुखणं." कोड लिहायच्या आमच्या पीएचपी भाषेत हे चिन्ह लावलं की ओळ बिघडली तरी तक्रार करत नाही. दुखणं आतच राहतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

शाहूपुरीत बॅटरीच्या दुकानावर आमचं ऑफिस. एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदीचं काम आमच्याकडं होतं: कुणी कधी उसाची लागण केली ते नोंदवायचं आणि त्यावरून तोडीची पाळी लावायची. सगळा कोड सरांनी एकहाती लिहिलेला. माणूस कबनूरचा, यंत्रमागवाल्याच्या घरातला. डब्यातली निम्मी भाकरी आपणहून पुढं सरकवणार, पण कोडला हात लावला की अंगावर येणार.

पीएचपीची पाचवी आवृत्ती आली आणि ट्राय-कॅच भाषेतच मिळालं. मी हरखून गेलो. धोक्याचं काम ट्रायमध्ये ठेवायचं. बिघडलं तर ते तिथंच थांबतं आणि काय बिघडलं ते कॅचमध्ये हाती येतं, माणसाला सांगता येतं.

"थांबतंय?" सरांनी विचारलं.

"थांबायलाच पायजे, सर. धागा तुटला की तुमचा माग थांबत न्हाई व्हय?"

"थांबतोय की. आन् थांबला की आमचा म्हातारा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडायचा. नगं बाबा."

राग आला आणि वाईटही वाटलं.

तरी महिनाभर मी डोकं खाल्लं. एका सकाळी ते ऐटीत म्हणाले, "घे. घातलं तुझं ट्राय-कॅच सगळीकडं." मी फाइल उघडली. प्रत्येक कॅच रिकामा. आत एक ओळ नाही, म्हणजे चूक पकडायची आणि कुणाला सांगायचीच नाही. ये रे माझ्या मागल्या! मी कपाळावर हात मारला आणि कंटाळून चहाला निघून गेलो.

निम्मा हंगाम झाला तेव्हा एक वयस्कर शेतकरी जिना चढून आले. हातात लागणीची चिठ्ठी.

"पावणं, शेजारच्याचा ऊस गेला, माझ्या उसाला तुरा आला, वजन घटाय लागलं. यादीत नावच न्हाई म्हणत्यात. कॉम्प्युटरवाल्यास्नी विचारा म्हणत्यात."

मी शोधलं. कारखान्याच्या कारकुनानं तारीख भरताना महिना चुकवला होता, प्रोग्रामनं नोंद नाकारली होती आणि रिकाम्या कॅचनं ती गिळून टाकली होती. कारकुनाला पत्ताच नाही. सर माझ्यामागं उभे होते. त्यांचा चेहरा बघवेना.

"काका, बसा," एवढंच ते म्हणाले. ऑफिसच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, नोंद आमच्या कोडमुळं हरवली, चूक माझी आहे. मग काकांना स्कूटरवर मागं बसवून थेट कारखान्यावर गेले.

आठ दिवसांत काकांच्या शेतात तोडकरी आले. आमच्या ऑफिसच्या मालकांनी मात्र "लिहून कशाला दिलं?" म्हणून सरांना घरी बसवलं. मालकांचा राग अजून जात नाही. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो, कारण ते रिकामे कॅच मी बघितले होते.

त्यांच्या जागेवर बसून मी एकेक कॅच भरायला घेतला. लागणीच्या नोंदीची फाइल उघडली, तर तिथला कॅच सरांनी जाण्याआधीच भरलेला होता:

"नोंद झाली न्हाई. पुढं जाऊ नका. या नंबरला फोन करा."

नंबर ऑफिसचा नव्हता. त्यांच्या कबनूरच्या घरचा होता. तो मी तसाच राहू दिला. कारखान्याचे कारकून राहिलेला सगळा हंगाम तिथंच फोन करत होते आणि ते उचलत होते.