चाचांचं नाक आणि माझं सर्टिफिकेट

मोटर जळाली तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल, भाऊ? भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर, की ज्याच्या नखांत वार्निश बसलंय त्याच्यावर? आर्णीत माझं पंप-मोटरचं दुकान, मागे दुरुस्तीचं वर्कशॉप. कोपऱ्यात जळक्या मोटरी साचतात तसे हे किस्से साचत गेले. आता सांगायचाही थकवा येतो.

झालं असं, की पंप कंपनीचं पत्र आलं : सर्टिफिकेट नसलेल्याने यापुढे आमची मोटर उघडायची नाही. आमचे रहीमचाचा तीस वर्षांपासून दुसरं काही करतच नाहीत! मग कळलं, माणसाला आधीच जे येतं ते तपासून सर्टिफिकेट देणारी एक स्कीम आहे. मी अर्ज केला. नागपूरहून एक सर टॅबलेट घेऊन आले.

*

सरांनी चाचांना विचारलं, "बिघाड कशाने ओळखता?"

"नाकानं."

चाचांनी एक मोटर उघडली, वास घेतला. "तीनाच्या जागी दोनच फेजवर चालवली हिले."

मोटरवाला शेतकरी समोरच बसला होता. "नाही हो, चाचा!"

चाचांनी उघडी मोटर त्याच्या नाकापुढे सरकवली.

"एकच दिवस चालवली," तो म्हणाला.

सरांनी मान डोलावली. "उत्तर बरोबर. पण टूल्सच्या यादीत नाक नाही!"

*

वच्छलाबाई मूळच्या मुकुटबनच्या. आमच्याकडे कॉइल गुंडाळतात, तेही गप्पा मारत. सर मुद्दाम बोलत सुटले : गाव कोणतं, मुलं किती, सून कशी. बाईंनी सुनेचं तर सविस्तर सांगितलं. मध्येच सर ओरडले, "थांबा! वेढे किती झाले?"

"बेचाळीस."

सरांनी उलगडून मोजले. बेचाळीस! आणि शेरा काय मारला? 'कामात लक्ष नाही.'

बाई म्हणाल्या, "ते राहू द्या साहेब, उलगडलेलं आता कोन गुंडाळन?"

*

चाचांना वाचता येत नाही, म्हणून सरच सगळ्यांना प्रश्न आणि पर्याय वाचून दाखवत. "मोटर जळाली, तर पहिलं काय कराल?" खाली चार पर्याय.

"पहिले मालकाले पानी पाजा, अन् खरं काय झालं ते इचारा."

"चाचा, चारातलंच सांगा."

"ह्या चारात मालकच नाही! मोटर काय सोताहून सांगते?"

शून्य मार्क.

*

फोटोपुरते हेल्मेट, हातमोजे, बूट मिळाले. फोटो निघाला की सगळं परत पिशवीत. चाचांनी स्वतःचा फोटो निरखून पाहिला. "सेठ, हा मानूस मस्त दिसून राह्यला. यालेच कामावर ठेवा!"

*

बॅचला दहा माणसं लागत होती. शेजारच्या दुकानांतले धरूनही नऊच भरली. सर म्हणाले, "शेठजी, तुम्हीच बसा." मी जन्मभर मोटरी विकल्या, एकही उघडली नाही. पण धंद्यात समोरच्याच्या आवाजावरून भाव कळतो. बरोबर पर्याय वाचताना सरांचा आवाज जरासा चढायचा.

निकाल लागला. मी पहिला! चाचा : 'प्रशिक्षण आवश्यक'.

*

मग कंपनीचं दुसरं पत्र. सर्टिफिकेटवाल्याने तीन महिने बाकीच्यांना शिकवावं, रोज रजिस्टर भरावं. तरच त्यांना पुन्हा परीक्षेला बसता येईल. आमच्या दुकानात सर्टिफिकेटवाला म्हणजे मी एकटाच!

पहिल्या दिवशी चाचांनी जळकी मोटर माझ्यापुढे ठेवली. "घ्या वास."

मी वाकलो. "काहीच येत नाही, चाचा."

"पहिले तोंडातला खर्रा थुका."

तंबाखू-सुपारी थुंकून आलो. पुन्हा नाक लावलं. काहीतरी उग्र, करपल्यासारखं आलं. "दोन फेज?"

"बेअरिंग जाम. उद्या परत."

मी रजिस्टर उघडलं. दोन रकाने : 'शिकवणारा' आणि 'शिकणारा'. खरं लिहिलं तर चाचांची परीक्षा गेली. खोटं लिहिलं तर सही माझी.

चाचा फडक्याला हात पुसत जवळ आले.

"सेठ, मले काही वाचता येत नाही. पन कोनं कोनाले शिकवलं, तो हिशेब खरा लिहजा."