तात्याच्या चपला मिरजेच्या लॅबमध्ये

आता तुम्हाला म्हणून सांगतो, पण चहा आधी संपवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तासगावजवळ माझी ब्रॉयलरची शेड. तीन हजार पिल्लं. दहा दिवसांची झाली नाहीत तोवर पटापट माना टाकायला लागली. मागं पांढरी हगवण चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, "साल्मोनेला आहे. औषध देतो, पण हा जंतू कुणाच्या तरी पायातून आत येतोय. तो रस्ता बंद करा." पिल्लं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर त्यांच्याही पुढं. "मर थांबली नाही तर पुढची बॅच विसरा!"

कुणाच्या तरी पायातून! झालं, माझं डोकं फिरायला लागलं. शेडमध्ये रोज कोण येतं? शेजारचा तात्या. त्याचीही शेड, पण तिथं एक पिल्लू मरत नाही. वर रोज सकाळी येऊन विचारणार, "काय रं, आज किती गेली?" एवढी चौकशी मी आजारी असताना माझ्या सासऱ्यानंही केली नव्हती! संशय येणार नाही तर काय?

म्हटलं, पुरावाच गोळा करायचा. शनिवारी मारुतीच्या आरतीला तात्या डोळे मिटून उभा. मी मागच्या मागं सटकलो, त्याच्या चपला पिशवीत कोंबल्या, माझ्या मी पायात सरकवल्या आणि पसार! मारुतीनं पाहिलं असणार, पण तो कुणाला सांगत नाही.

सोमवारी एसटीनं मिरज. लॅबवाला पिशवीत डोकावून म्हणाला, "अहो, कोंबडीची विष्ठा आणायची असते!"

"तळाला हाय की लागलेली. खरवडून घ्या!"

तात्याला शेडबंदी केली. मी स्वतः दारात खाट टाकून पहाऱ्याला बसलो. घरी जाणंच बंद. आणि काय सांगू, मर चाळीसवरून चारवर! वर रिपोर्ट आला, चपलेवर साल्मोनेला! आता आणखी काय पाहिजे?

डॉक्टर, सुपरवायझर आणि तात्या, तिघांना शेडसमोर बोलावलं. पिशवीतून चपला काढून आपटल्या. "तात्या, माझी पिल्लं तू मारलीस!"

तात्यानं चपला उलट्यासुलट्या केल्या. "ह्या माज्या न्हाईत."

"आता न्हाईच म्हणणार!"

"आरं गड्या, बाजारातनं दोघांनी एकसारख्याच घेतल्या न्हवं का? माज्या चपलेचा अंगठा तुटला, तवा निळ्या दोऱ्यानं शिवलाय. हिला कुठाय दोरा?"

सगळे चपलेकडं बघत होते. मग हळूहळू माझ्या पायांकडं बघायला लागले. मीही खाली बघितलं.

निळा दोरा!

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "घरी गावठी कोंबड्या आहेत?"

"आहेत की दहा-बारा. रोज सकाळी खुराड्यात जाऊन दाणे टाकतो, मगच इकडं येतो."

"त्याच चपलांनी?"

मी त्या चपला हळूच खाटेखाली सरकवल्या.

"म्हणजे आठवडाभर पहाऱ्यापायी तुम्ही खुराड्याकडं फिरकला नाहीत, म्हणून पिल्लं वाचली!"

तात्या हसून हसून माझ्याच खाटेवर आडवा झाला. सुपरवायझर मात्र हसला नाही. म्हणाला, "पुढची बॅच देतो. पण एका अटीवर. शेडची किल्ली तात्यांकडं राहील."

दिली किल्ली. करतो काय?

तात्यानं हात मागं घेतलाच नाही. "आन् चपला रं?"

त्याही दिल्या.