मलाया खानावळीतलं आईचं पान

शेवगावच्या स्टँडामागं मच्छिंद्रची 'मलाया खानावळ' होती. मच्छिंद्र दुसऱ्या महायुद्धात पलटणीत स्वयंपाकी होता. लढाई संपल्यावर मलायातून परतताना रबराच्या मळ्यातली एक तमिळ पोरगी बायको करून घेऊन आला. त्याच्या आईनं, आक्काबाईनं, तिचं नाव रतन ठेवलं. पाटीवर मलाया असलं तरी ताटात पिठलं-भाकरीच असायची. बाजारच्या दिवशी मात्र रतनबाई नारळाच्या दुधात भात शिजवायची. वर तळलेले बोंबील, शेंगदाणे आणि मिरचीचं वाटण. गिऱ्हाइकं नावं ठेवत ठेवत पुन्हा भात मागायची. कुणी म्हणे तिखट वाढवा, कुणी म्हणे खोबरं कमी घाला. ती ऐकत गेली, तसा भात बदलत गेला.

बहात्तर साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं जेवायला येत आणि पहाटे पेटलेली चूल विझायचं नाव घेत नसे. रतनबाई पार पिचून गेली होती. त्यात सर्वपित्री अमावस्या आली.

"औंदा तरी तुज्या आईचं पान काढ," आक्काबाई दरवर्षीसारखी म्हणाली. "जीव असा ताटकळत ठिवू न्हाई."

रतनबाईची आई मळ्यातच राहिली होती. पुढं तिकडं बंडाळी माजली, मळा उठला, आईचा ठावठिकाणा लागला नाही. पान काढायचं म्हणजे ती मेली असं आपल्याच तोंडानं म्हणायचं. दरवर्षी रतनबाई भांडून ते टाळायची. यंदा भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"काढते," ती म्हणाली. "पर खीर-वडं न्हाई. तिचंच रांधते."

"पित्रांना बोंबील," आक्काबाई पुटपुटली, पण आडवी आली नाही.

गिऱ्हाइकांसाठी नव्हे, मळ्यातल्यासारखा भात करायचा म्हणून रतनबाईनं मूठभर तांदळाला अख्खा नारळ पिळला. मिरची हात राखून घातली. पान वाढून झालं. मच्छिंद्र ते कावळ्याला ठेवायला उचलणार, तोच तिनं खानावळीच्या सवयीनं पानावरची दोन शितं तोंडात टाकली.

"निवद चाखत्यात व्हय?" आक्काबाईनं कपाळाला हात लावला.

रतनबाईचं लक्षच नव्हतं. तिनं एक घास घेतला, मग आणखी एक. भात चांगलाच झाला होता, पण तो खानावळीचा भात होता. आईचा कसा लागायचा, ते काही केल्या आठवेना. आई निदान आपल्या जिभेवर तरी जिवंत आहे, या भरवशावर ती इतकी वर्षं भांडत आली होती. आता तो भरवसाही गेला. तिला रडू आलं नाही, एवढी ती दमली होती.

मच्छिंद्र शेजारी टेकला. "नसंल काढायचं तर ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला.

तिनं हात धुतले, दुसरं पान पुसलं आणि पातेल्यातला भात त्यावर वाढला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पोन्नम्मा नाव हाय तिचं."

आक्काबाई तिच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या घरात ते नाव कुणी विचारलंच नव्हतं.