बिनलग्नाची शिदोरी

भागूबाईनं आरतीला गुपचूप उजवली, ही बातमी श्रीगोंद्याच्या आमच्या गल्लीत सकाळच्या पहिल्या चहाआधीच घरोघर पोचली. पुरावा काय, तर नागपंचमी तोंडावर आलेली आणि भागूबाई डोक्यावर शिदोरीची टोपली घेऊन राहात्याच्या वाटेला लागलेली. शिदोरी घेऊन मुराळी जातो तो सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला. म्हणजे लग्न झालंच! शेजारच्या हनुमंतानं तर न पाहिलेल्या जावयाला एक ट्रॅक्टर आणि थोडं टक्कलही देऊन टाकलं.

सगळं खोटं. नवरा नाही, सासू नाही. आरतीचं सासर म्हणजे राहात्यातला मिरची कांडपाचा गाळा आणि मागची खोली. आणि तेच हातचं जायची वेळ आली होती.

भागूबाईचंही कांडपच. तिचं मशीन सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकते. पोटी मूल नाही, नवरा कधीच गेला. तीन वर्षांमागं ही पोर तिला एसटी स्टँडवर दिसली. अठरा पुरी झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली, पिशवी उशाला, आणि जवळ येईल त्याच्या अंगावर ओरडणारी. भागूबाईनं डोळ्याला पदर लावला नाही की उपदेश केला नाही. म्हणाली, "मिरचीची देठं खुडायला मानूस पायजे. येतीस का? शिंकलीस तर हाकलून दीन."

आरती आली, शिंकली, राहिली. मग भांडून पळाली. परतली तेव्हा भागूबाईनं दुकानाची किल्लीच तिच्या हातात ठेवली. "पुढल्या टायमाला पळताना कुलूप लावून जा. कुत्री शिरत्यात आत."

पुढच्या वेळी पोर खरंच कुलूप लावून पळाली. मग किल्ली द्यायची राहिली म्हणून परत आली, ती टिकलीच.

हळद, काळा मसाला, सगळं शिकली आणि एक दिवस म्हणाली, "मावशी, मला माझं सोताचं पायजे." भागूबाई आठवडाभर फुगून बसली आणि मग आपलं जुनं मशीन टेम्पोत चढवून दिलं. वर ठरवलं, पोर पायावर उभी राहिली, आता कडेवर घ्यायला जायचं नाही. तिथंच चुकलं.

राहात्याच्या गाळ्याचा मालक आसाराम. त्यानं आरतीला बजावलं, "दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुला न्यायला कुनी फिरकलं न्हाई. मागं मानूस नसलेली पोर मला नको. पंचमी झाली की गाळा खाली कर."

आरतीचा फोन आला तशी भागूबाईनं कढईत शेंगदाणे टाकले.

राहात्याला उतरली ती आधी आरतीकडं गेलीच नाही. ओळीनं दार न् दार घेतलं. हातावर गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवायचा आणि मगच म्हणायचं, "आरतीच्या माहेरची शिदोरी हाय बरं!" आसारामनं तर कुणाचा म्हणून न विचारताच अख्खा लाडू तोंडात टाकला. मग कळलं.

"मुराळी भाऊ आसतो," तो भरल्या तोंडानं बोलला. "बाई कवापास्नं यायला लागली?"

"भावाला फुल तिकीट पडलं आसतं. मला इस्टीत हाफ हाय."

सगळी ओळ हसली. आतून आसारामची म्हातारी आई, राहीबाई, काठी आपटत बाहेर आली. "आश्या, माहेरची शिदोरी खातोस आन् पोरीला मागं मानूस न्हाई म्हंतोस? काढ मग त्यो लाडू भाईर!"

आसारामनं लाडू गिळला. गाळा आरतीकडंच राहिला.

आरतीनं स्वतः कुलूप लावलं, किल्ली राहीबाईकडं दिली आणि भागूबाईच्या पुढं चालत जाऊन एसटीत खिडकीची जागा धरली.

पंचमीला गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता. आरतीचा झोका पार हनुमंताच्या पत्र्यावर जाऊन येत होता, आणि खाली उभ्या हनुमंताला काही राहवेना. जावई नाही, ट्रॅक्टर नाही, टक्कलही नाही!

"आक्का, लग्नाआधीच लेकीला माहेरी आननारी तूच बघितली. ही कुठली गं रीत?"

भागूबाईनं झोक्याला आणखी एक हात दिला.

"आमी आधी माहेर केलं. सासरचं तिचं ती बघंल. तुझी बायको आखाडापास्नं रुसून माहेरी बसलीय, तिला आनायला तू कवा निघतोस?"