डालग्याखालची कोंबडी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. साहेबलोकांच्या भाषणांवरही नाही. तरीही हे लिहितो आहे…

१९७४चा जानेवारी. मी नागपुरात विज्ञानाचा मास्तर, ताई जवळच्या कुही गावात. भाऊजींनी परसात पाळलेल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या — तुरे निळे, मान डावीकडे पिळलेली. जीपमधून एक साहेब आले. हार घालून घेतला, माणसाला या रोगाचं भय नाही असं जाहीर केलं आणि उरलेल्या मारून पुरा म्हणून सांगून गेले. पण मरायच्या आधी कापली की वाया जात नाही, ही आमच्याकडची समजूत. भाऊजींनी सात-आठ कोंबड्या उघड्या हातांनी कापल्या, साफ केल्या.

चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. निरोप मिळाला तसा मी एसटीनं गेलो. भर दुपार होती. भाऊजी खाटेवर, मान डावीकडे वळलेली… सरळच होईना. ताई हाका मारत होती. भिंतीकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते.

"बाबू, हे मले वळखूनच नाही राह्यले गा."

डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आहे, नागपूरला हलवा. गाडीची वाट बघत बसलो होतो. दोन दिवस शब्द न काढलेले भाऊजी एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "डालग्याखालची गेली वं."

ताई पांढरीफटक पडली. उरलेल्या कोंबड्या मारल्या का ते बघायला साहेबांचा शिपाई येणार म्हणून आदल्या दिवशी तिनं एक धडधाकट कोंबडी बांधावरच्या रिकाम्या गोठ्यात, बांबूच्या डालग्याखाली लपवली होती. कोणालाही न सांगता. भाऊजी तेव्हा तापात बेशुद्ध होते.

आम्ही धावत गेलो. डालगं उचललं. कोंबडी अजून गरम होती. मान डावीकडे.

तीन आठवड्यांनी भाऊजी इस्पितळातून चालत बाहेर आले. ताईला ओळखलं. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो, असं अलीकडे वाचलं. ताप, भ्रम, कदाचित मानही — सगळं त्यात बसवता येतं.

पण घरी आल्यावर मी भाऊजींना विचारलं होतं, काही आठवतं का?

"काई नाही, मास्तर. अंधार होता. चारी बाजूनं बारीक भोकं, त्यातून उजेड. अन् भायेरून तुमची ताई म्हणून राह्यली होती, गप राय, कोणाले दिसू नको."

ताई मला एसटीवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, हे ती कोंबडीला म्हणाली होती. बस दिसल्यावर तिनं माझा हात धरला.

"कोंबडी जगली असती त हे वापस आले असते का गा?"

पुढे कितीतरी वर्षं मी विज्ञान शिकवलं.