विनोदिनीचे पत्ते

नवऱ्यानं विनोदिनीला शेवटचं मारलं ते चुलीच्या फुंकणीनं. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, त्याचा खनिज वाहायचा ट्रक अंगणात गंजत उभा राहिला, आणि त्याचे रिकामे हात रोज तिच्यावर पडू लागले. त्या दिवशी तिचा डावा कान फुटला. रक्त पदरानं टिपत ती मयेहून बसमध्ये चढली आणि पेडण्यात समुद्रकाठच्या हरमलला उतरली, कारण तिथं गेस्ट हाऊसमध्ये बायका कामाला घेतात एवढं तिनं ऐकलं होतं.

तिथं ती चादरी धुवायची. दर थंडीत तिथं एक म्हातारी रशियन बाई येऊन राहायची. व्हरांड्यात बसून ती पर्यटकांना टॅरोचे पत्ते मांडून दाखवायची. विनोदिनी उभी राहून बघते हे तिच्या लक्षात आलं, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं एकेक पत्ता शिकवला. पुढं नवरा दारूनं गेला, तेव्हा विनोदिनी मयेच्या घरी परतली आणि सोप्यावर टेबल मांडून बसली.

ती फक्त कामाधंद्याचे प्रश्न घ्यायची. नोकरी सोडू का, दुकान कुठं घालू, भागीदार घेऊ का. लग्नाचं किंवा आजाराचं कुणी काढलं तर हात जोडायची. पाच पत्ते मांडायची: तू उभा कुठं आहेस, अडवतंय काय, तुझ्या हातात काय आहे, सोबतीला कोण आहे, आणि असंच चाललं तर पुढं काय. डिचोलीच्या बाजारातले दुकानदार यायचे, कारखान्यातल्या पोरी यायच्या. खाणी पुन्हा चालू होणार अशी बातमी पसरली तेव्हा ट्रकवाले यायला लागले.

सुर्ल्याचा बाबली मात्र पत्ते बघायला आला नव्हता. चपला न काढताच तो सोप्यावर चढला. त्याचे आणि कृष्णनाथाचे खनिज वाहायचे टिपर ट्रक भागीत होते.

"कृष्णनाथ उद्या तुझ्याकडे येतलो," तो म्हणाला. "भागी ठेवू की सोडू, ता विचारतलो. सोड म्हणान सांग."

"पत्ते पडतले, ताच मी सांगतलंय."

बाबलीनं तिची हनुवटी मुठीत पकडली आणि डोकं मागं भिंतीवर आपटलं. "नाय सांगलंस, तर हे हात पत्ते पिसूक रवूचे नाय."

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ आला. बोलायला बुजरा माणूस. टोपी मांडीवर ठेवून तो बसला. विनोदिनीनं पत्ते पिसले, त्याच्या हातून कापून घेतले आणि मांडले. सोबतीच्या जागी सात तलवारी निघाल्या, दुसऱ्याच्या तलवारी कवेत घेऊन चोरपावलांनी निघालेला माणूस. शेवटी मनोरा निघाला, वीज पडून कोसळणारा, त्यातून माणसं खाली पडताहेत.

पत्ते बाबलीला हवं तेच बोलत होते. तेवढं सांगितलं असतं तर खोटंही झालं नसतं आणि हातही वाचले असते. विनोदिनीनं मनोऱ्याच्या पत्त्यावर हात ठेवला.

"काय गो? वायट आसा?" कृष्णनाथानं विचारलं.

"पत्ते सोड म्हणतत," ती म्हणाली. "पण काल बाबली येवन गेलो. हाच सांग म्हणान माका धमकी देवन गेलो. आता हा पत्त्यांचा बोलणा की तेचा, माका कळणा नाय. तू माझ्या सांगण्यार जाव नको. तो तुका भागीतून कित्याक काढता, ता आधी बघ."

कृष्णनाथ उठला आणि सरळ सुर्ल्याला गेला. ड्रायव्हरांनीच त्याला सांगितलं: खनिज वाहायचं नवं काम बाबलीनं एकट्याच्या नावावर करून घेतलं होतं, आता फक्त भागीदार दूर व्हायचा बाकी होता. टिपरच्या मागं बाबली उभा होता. कृष्णनाथानं विचारलं, "खरा?" बाबलीनं उत्तर दिलं ते चाकाच्या पान्यानं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या ड्रायव्हरालाही ऐकू आला. कृष्णनाथ लाल मातीत कोसळला. दुसरा घाव डोक्यावर येत होता तेव्हा त्यानं हाताला लागलेला दगड उचलून बाबलीच्या कपाळावर मारला. ड्रायव्हरांनी दोघांना ओढून वेगळं केलं. कृष्णनाथाला इस्पितळात नेलं. बाबलीनं कपाळाचं रक्त बाहीनं पुसलं, मोटारसायकलला किक मारली आणि मयेची वाट धरली.

विनोदिनीनं दुपारची पेज चुलीवर ठेवली होती. बाबलीनं तिला केसांना धरून सोप्यावर ओढत आणलं, उजवा पंजा दाराच्या चौकटीवर दाबला आणि दार लोटलं. मग पुन्हा उघडून पुन्हा लोटलं. ती किंचाळली तशी शेजारची यशोदा घरातून धावली. पण तोवर विनोदिनीनं बाबलीच्या मनगटाचा चावा घेऊन स्वतःला सोडवलं होतं आणि ती स्वयंपाकघरात पळाली होती. तो मागं आला. तिनं डाव्या हातानं पेजेचं मडकं उचललं. तळवा भाजला, तरी सोडलं नाही. उकळती पेज त्याच्या तोंडावर, मानेवर ओतली.

बाबली गुरासारखा ओरडला. डोळे मिटलेलेच, चाचपडत त्यानं तिचा गळा पकडला आणि आवळत राहिला. यशोदा मुसळ घेऊन आत आली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो पडला. तो पुन्हा उठू लागला, म्हणून तिनं पुन्हा घातलं. मग दोघींनी त्याला कपडे वाळत घालायच्या दोरीनं बांधलं.

विनोदिनीचं मधलं बोट कापावं लागलं. बाजूची दोन वाकडी जुळली. बाबलीच्या घरचे तडजोडीला आले, देवळात नारळ ठेवून मिटवू म्हणाले. "माझा बोट तुमच्या नारळार उगवतला?" असं म्हणून तिनं त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. कृष्णनाथानं मार खाऊनही पोलिसांत जायला नकार दिला होता, इतक्या वर्षांची भागी म्हणून. तिच्या बांधलेल्या हाताकडे बघून तो रडला, आणि मग त्यानंही तक्रार दिली.

कोर्टात बाबलीच्या वकिलानं तिला हसत विचारलं, "बाई, तुम्ही लोकांचं भविष्य सांगता. मग माझा अशील येऊन मारणार, हे तुम्हाला कसं कळलं नाही?"

"कळलं होतं," विनोदिनी म्हणाली. "पत्त्यांनी नाही सांगितलं. त्यानंच सांगितलं होतं, माझं डोकं भिंतीवर आपटून."

बाबलीला शिक्षा झाली. त्या संध्याकाळी यशोदा आणि विनोदिनी डिचोलीच्या बाजारात उतरल्या. विनोदिनीनं बांगडे घेतले. कोळणीनं पिशवी पुढं केली, तिनं सवयीनं उजवा हात पुढं केला, पिशवी निसटली आणि मासे रस्त्यावर सांडले. ती खाली बसून एकेक बांगडा वेचू लागली. यशोदा वाकली, तशी ती म्हणाली, "रव. माझे मी उचलतंय."