मोटारखान्यातली भाकर

चाचा मिस्त्री ज्या छपराबद्दल मत द्यायचे, त्याच्याखाली बसून आधी एक भाकर खायचे. कुणी घाई केली की म्हणत, "डोक्यावर काय हाय ते जेवताना कळतं. उभ्या माणसाला न्हाई कळत."

मला ही थेरं वाटायची. मी तेव्हा हातानं पत्रकं लिहून हिंगोलीच्या बाजारातल्या भिंतींवर डकवायचो. अन्याय दिसला की शाई तयार! शांत बसणारा माणूस मला मालकांच्याच बाजूचा वाटे.

आमच्या गल्लीत एका भाड्याच्या घराला मोटारखाना होता. आधीच्या भाडेकरू डॉक्टरांची मोटार त्यांच्याबरोबरच गेली. आता तिथं नव्या भाडेकरू गोदाबाई हळद कांडायच्या. कुरुंद्याहून हळकुंडांची पोती येत. बैलगाडी त्या रुंद दारातून थेट आत शिरे. असली उडणारी हळद राहत्या घरात कोण कांडू देणार? त्या एकट्या बाईची चूल त्या मोटारखान्यावर पेटत होती. पण छपराची एक तुळई वाकली होती. मी तडक पत्रक लिहिलं : 'मालक, माणसं मरायची वाट पाहता काय? हा सापळा पाडा!'

मालक वाचून खूश झाला. त्याला जागा मोकळीच हवी होती. "पाडतो की! तुमचीच मागणी."

गोदाबाई माझ्या दारात आल्या. "काहून रं, लिवताना मला इचारलं व्हतंस का?"

नव्हतं विचारलं. मी चाचांकडे धावलो.

चाचा आले, मालकाला रामराम केला आणि मोटारखान्यात फतकल मारून भाकर सोडली. अर्धी माझ्या हातात दिली. "बस. तू बी खा." जेवता जेवता ते गोदाबाईंना विचारत होते, पाणी कुठं गळतं, गाडी कुठं वळते. मी पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. सगळं लाकूड हळदीनं पिवळं झालेलं. काळं पडलेलं फक्त तुळईचं भिंतीतलं एक टोक. मग चाचांनी उठून बोटाच्या पेरानं तुळई वाजवली, टोकापासून टोकापर्यंत.

"लाकूड मेलं न्हाई. त्याचा पाय भिजलाय. सडकं टोक कापू, खाली खांब देऊ. नवं करायची बी गरज न्हाई."

"पण पत्रकात तर..." मालक म्हणाला.

"ते यानं भाईर उभं राहून लिवलं. आता आत बसून लिहील."

लिहिलं. 'माझं चुकलं. पाडू नका, दुरुस्त करा.' माझं सगळ्यात छोटं पत्रक. "मालकानं चहा पाजला का रे?" सोबती हसले. पण बाजारानं ते वाचलं, चाचांचा शब्द सगळ्यांनी मानला, आणि चार लोकांच्या तोंडाला भिऊन मालक नमला. खांब चाचांनी स्वतः बसवला.

मग अठ्ठेचाळीस साल आलं, पोलीस ॲक्शन होऊन संस्थान संपलं. चाचांच्या मुसलमान मोहल्ल्याचं काय करायचं, ठेवायचा की काढायचा, याचे निकाल लोक रस्त्यात उभे राहून देत होते. मीही त्यांच्यात होतो, आणि उभाच होतो. एके सकाळी चाचांच्या दाराला कुलूप दिसलं. कुठं गेले, कुणी सांगेना.

गोदाबाई अजून त्या खांबाशेजारी कांडतात. मी गेलो की विचारतात, "चाचाचा पत्ता लागला का रं?"

पत्ता! चाचांच्या घराच्या छपराखाली मी एकदाही जेवलो नव्हतो.